पक्ष्यांच्या रक्तातून पांढऱ्या पेशी काढताना: चिकट गोळा, लाल थर आणि फसवी मोजणी

आधी लक्षण सांगतो. कोंबडीचं दोन मिली रक्त घेतलं, माणसाच्या रक्तासाठी रोज वापरतो तोच तांबड्या पेशी फोडणारा अमोनियम क्लोराइडचा लायसिस बफर घातला, दहा मिनिटं थांबून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. तळाशी लहानसा पांढरा गोळा दिसायला हवा होता. दिसला गुलाबीसर, अर्धपारदर्शक, शेंबडासारखा लगदा. पिपेटचं टोक बुडवून उचललं की लांब तार निघते. ती तुटत नाही. नळीतला सगळा ऐवज टोकाला लोंबकळत वर येतो. जोरात पिपेटिंग केलं तर तार आणखी घट्ट होते आणि तिच्यात गुरफटलेल्या पेशी कायमच्या हातच्या जातात.

हा प्रकार माझ्यासमोर इतक्यांदा आलाय की आता नळी उजेडात तिरकी धरली तरी ओळखता येतो. नवीन विद्यार्थी असो की माणसाच्या रक्तावर दहा वर्षं काम केलेला अनुभवी माणूस, पक्ष्याच्या रक्ताची पहिली नळी बहुतेकांची अशीच जाते. बफर खराब झाला असेल, रक्त शिळं असेल अशा शंका घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला जातो आणि पुन्हा तोच लगदा हाती येतो. बफर उत्तम असतो, रक्तही ताजं असतं. चूक असते ती रीतीत.

पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं. हे सगळ्यांना पाठ असतं, फक्त बाकावर काम करताना त्याचा अर्थ लक्षात येत नाही. माणसाची तांबडी पेशी फुटली की हिमोग्लोबिन बाहेर पडतं, मागे रिकामं आवरण उरतं आणि ते धुण्यात निघून जातं. कोंबडीची तांबडी पेशी फुटली की मागे आख्खं केंद्रक उरतं. ते शाबूत राहिलं तर पांढऱ्या पेशींबरोबर तळाशी बसतं. फुटलं तर त्यातला डीएनए बाहेर येऊन दोरखंडासारखा पसरतो. आता हिशेब करा. कोंबडीच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण २५ ते ३५ लाख तांबड्या पेशी आणि फार तर २० ते ३० हजार पांढऱ्या. म्हणजे एका पांढऱ्या पेशीमागे शंभराच्या आसपास तांबडी केंद्रकं. प्रत्येक केंद्रकात सुमारे अडीच पिकोग्रॅम डीएनए धरला तर एका मिली रक्तात सात-साडेसात मिलिग्रॅम डीएनए होतो. माणसाच्या तेवढ्याच रक्तात तो जेमतेम तीस-चाळीस मायक्रोग्रॅम असतो. पक्ष्यांच्या डीएनएवर काम करणाऱ्यांना एक थेंब रक्त पुरतं ते यामुळेच, आणि आपली नळी जेली होते तीही यामुळेच.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पक्ष्याच्या रक्तावर लायसिस करू नका. वेळ कमी करून, बफर पातळ करून, बर्फावर ठेवून हे जमवण्याचा प्रयत्न मी केलेला आहे. कधी जमल्यासारखं वाटतं, पण स्लाइड रंगवून पाहिली की पांढऱ्या पेशींच्या गर्दीत नागडी केंद्रकं पसरलेली दिसतात. भरवसा ठेवावा असं त्यातून काही निघालं नाही.

नळी आधीच जेली झाली असेल आणि तो नमुना पुन्हा मिळणार नसेल, तर डीएनेज-१ (डीएनए कापणारं एन्झाइम) घालून पाहा: ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, खोलीच्या तापमानाला दहा-पंधरा मिनिटं, मध्येमध्ये नळी हलक्या हातानं उलटीसुलटी करत. या एन्झाइमला मॅग्नेशियम लागतं. रक्त ईडीटीएत (रक्त गोठू न देणारं रसायन) घेतलेलं असेल आणि तुम्ही न धुता डीएनेज टाकलं, तर ईडीटीएनं मॅग्नेशियम धरून ठेवलेलं असतं आणि एन्झाइम नुसतं पडून राहतं. आधी ईडीटीए नसलेल्या बफरमध्ये घ्या, त्यात पाच मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घाला, मग एन्झाइम. तार विरघळते. ज्या पांढऱ्या पेशी हाती येतात त्या मोजायला किंवा आरएनएला चालतील. कल्चरमध्ये टाकायच्या असतील तर मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

लायसिसची आणखी एक खूण आहे आणि तिच्यामुळे लोक भलत्याच दिशेला जातात. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) घालून मोजणी केली की जिवंत पेशींचं प्रमाण तीस-चाळीस टक्के येतं. मग पेशी मरतायत म्हणून माध्यम बदललं जातं, सीरम बदललं जातं, सेंट्रिफ्यूजचा वेग कमी केला जातो. खरं तर ते निळे ठिपके मेलेल्या पांढऱ्या पेशी नसतात, तांबड्या पेशींची उघडी पडलेली केंद्रकं असतात. ती रंग लगेच पितात. त्याच नमुन्याचा एक थेंब स्लाइडवर पसरून गिम्सानं रंगवा. भोवती पेशीद्रव्याचा मागमूस नसलेले जांभळे लंबगोल गोळे दिसले तर उत्तर मिळालं.

मग काढायच्या कशा

कोंबडीसाठी मला सगळ्यात जास्त साथ दिलीय ती मंद फिरकीनं. यंत्र साधं, रसायन काही नाही, फक्त हात स्थिर हवा. ईडीटीए घातलेलं रक्त उंच, अरुंद नळीत घ्या. ५० ते ६० जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट ओढ), पंधरा ते वीस मिनिटं, खोलीचं तापमान, ब्रेक बंद. नळी बाहेर काढताना ती कुठेही आपटू देऊ नका. खाली तांबड्या पेशींचा स्तंभ, वर पिवळट प्लाझ्मा आणि मध्ये धुरकट पांढरी साय. आता नळी दोन बोटांत उभी धरून मनगटानं अगदी सावकाश गोल फिरवायची, वाटीतलं पाणी न सांडता फिरवावं तशी. साय तांबड्या स्तंभावरून सुटते आणि धुराच्या वलयासारखी प्लाझ्मात वर येते. तांबडा स्तंभ जागेवर राहतो. त्याची कड ढळायला लागली की थांबा, लगेच रुंद तोंडाच्या पिपेटनं तो धुरकट प्लाझ्मा उचला. पहिल्या दोन-तीन वेळा थोडा लाल येईल. चौथ्या वेळेपासून हाताला कळायला लागतं.

एवढ्यानंच तांबड्या पेशी पूर्ण जात नाहीत, पण शंभरास एक हे प्रमाण पार बदलून जातं. मग हाच प्लाझ्मा १.०७७ घनतेच्या फिकॉलवर (पेशी घनतेप्रमाणे वेगळ्या करणारं दाट द्रावण) अलगद चढवला तर मधला थर पांढरास्वच्छ मिळतो. थेट रक्त फिकॉलवर घालण्यापेक्षा या दोन पायऱ्यांत मिळणाऱ्या पेशी कितीतरी चांगल्या असतात असं माझं मत आहे. वेळ मात्र पाऊण तास जास्त लागतो.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. फिकॉलवरची ही रीत आर्ने बोयुम यांनी १९६८ मध्ये माणसाच्या रक्तासाठी मांडली आणि १.०७७ हा आकडा माणसाच्या पेशींवर बेतलेला आहे. कोंबडीच्या लिम्फोसाइट पेशींना (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तो चालतो. वेगळ्या जातीचा पक्षी असेल तर सगळं रक्त एकदम ओतू नका. पाव मिली रक्तावर छोट्या नळीत चाचणी घ्या आणि थर कुठे बसतो ते पाहून मग पुढे जा.

थर बसतो, पण लालच

ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा कानावर येते आणि तिच्यामागे कारणंही पुष्कळ असतात. मी ज्या क्रमानं तपासतो त्याच क्रमानं सांगतो.

सर्वांत आधी आरपीएम. कागदावर "१५०० आरपीएम, ३० मिनिटं" लिहिलेलं असतं आणि आपण आपल्या यंत्रावर १५०० लावतो. जी काढायचं सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर १५०० आरपीएमला सुमारे ४०० जी मिळतात. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर त्याच १५०० ला जेमतेम २५० जी. मी स्वतः यात अडकलो होतो. दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेली कृती, आमचा लहान रोटर, आणि तीन आठवडे रोज लाल थर. फिकॉलच्या दोन बाटल्या बदलल्या, रक्त घेणारा माणूस बदलला. शेवटी पट्टी घेऊन रोटरच्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंतचं अंतर मोजलं, तेव्हा उलगडा झाला. आमच्या यंत्रावर ४०० जीला जवळजवळ १९०० आरपीएम लागत होते. त्या तीन आठवड्यांत किती कोंबड्यांना उगाच टोचलं गेलं याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर त्रिज्या आणि ६०, २५०, ४०० जीचे आरपीएम लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. मंद फिरकीत तर हे आणखी नाजूक होतं. १६ सेंटिमीटरच्या रोटरला ६० जी म्हणजे ५८० आरपीएमच्या आसपास; तिथे कुणी "कमी वेग" म्हणून १००० लावले तर १८० जी होतात आणि साय तांबड्या स्तंभावर घट्ट दाबली जाते. मग कितीही हळू फिरवली तरी ती सुटत नाही.

दुसरं, तापमान. फिकॉलची घनता २० अंश सेल्सिअसला दिलेली असते. फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर ते जास्त दाट आणि घट्ट असतं. तांबड्या पेशी त्यातून पूर्ण उतरत नाहीत, मध्येच अडकतात. फिकॉल, रक्त आणि सेंट्रिफ्यूज तिन्ही खोलीच्या तापमानाला हवेत. यंत्र आधीच्या माणसानं ४ अंशांवर ठेवून गेलेलं असतं, हेही तपासा.

तिसरं, रक्त पातळ केलं का. तेवढ्याच पीबीएसमध्ये (खारट बफर) मिसळून मगच चढवा. पक्ष्याचं दाट रक्त तसंच घातलं तर तांबड्या पेशी एकमेकींना धरून खाली येतात आणि पांढऱ्यांनाही आपल्याबरोबर ओढून नेतात. थर फिका दिसतो आणि पेशी कमी मिळतात.

ब्रेक चालू राहिला असेल तर थर पसरून तिरका होतो. हे नळीकडे पाहिल्याबरोबर कळतं.

आणि अंड्यावरची कोंबडी. याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं, म्हणून जरा सविस्तर. अंडी देणाऱ्या मादीचं यकृत बलकासाठी लागणारी चरबी आणि प्रथिनं बनवून रक्तात सोडत असतं. तिचा प्लाझ्मा दुधाळ असतो, कधीकधी तर पातळ ताकासारखा. अशा रक्ताचा थर कुठे संपतो आणि चरबी कुठे सुरू होते हे डोळ्यांना कळत नाही. पांढरा म्हणून उचललेला भाग निव्वळ चरबी निघतो. एकाच दिवशी, एकाच हातानं, एकाच फिकॉलवर नराच्या रक्ताचा थर छान बसावा आणि मादीच्या रक्ताचा बसू नये, असं झालं तर आधी तिचा प्लाझ्मा पाहा. उपाय सोपा आहे: रक्त एकदा फिरवून दुधाळ प्लाझ्मा काढून टाका, पेशी तेवढ्याच बफरमध्ये पुन्हा मिसळा आणि मग चढवा. निवड तुमच्या हातात असेल तर पद्धत बसवताना नर किंवा अंड्यावर न आलेल्या तलंगा घ्या.

पेशी भरपूर, पण कोणत्या?

थर स्वच्छ पांढरा आला, मोजणी भरघोस आली, सगळे खूश. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथेच, कारण ही चूक नळीत दिसत नाही. ती सहा महिन्यांनी निष्कर्षात दिसते.

माणसाच्या शरीरात रक्त गोठवण्याचं काम बिंबाणू करतात. ते केंद्रक नसलेले बारीक तुकडे असतात. पक्ष्यात हेच काम थ्रोम्बोसाइट करतात आणि त्या पूर्ण पेशी असतात: केंद्रक असलेल्या, आकारानं लहान लिम्फोसाइटएवढ्या, घनतेनंही तशाच. कोंबडीच्या मायक्रोलिटरभर रक्तात त्यांची संख्या २० ते ३० हजार, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशींच्या बरोबरीची. फिकॉलच्या थरावर त्या लिम्फोसाइटच्या खांद्याला खांदा लावून बसतात. माणसाच्या रक्तात १०० ते २०० जीवर एक-दोनदा धुतलं की बिंबाणू हलके असल्यानं वरच्या द्रवात निघून जातात. इथे ती युक्ती चालत नाही. कितीही वेळा धुवा, दोन्ही पेशी एकत्रच खाली बसतात. हिमोसायटोमीटरमध्ये (पेशी मोजायची चौकटीची काच) ट्रायपॅन ब्लूखाली त्यांच्यातला फरक सांगणं मला आजही जमत नाही.

रंगवलेल्या स्लाइडवर मात्र फरक दिसतो. लिम्फोसाइटचं केंद्रक गोल, जवळजवळ पेशीभर, कडेला निळसर पेशीद्रव्याची बारीक किनार. थ्रोम्बोसाइटचं केंद्रक जास्त गडद आणि आवळलेलं. भोवतालचं पेशीद्रव्य स्वच्छ, फिकट, जवळपास रंगहीन, कधी त्यात पोकळ बुडबुडे, आणि टोकाशी एखाद-दुसरा लालसर कण. आणि त्या पुंजक्यानं राहतात. पाच-सहा पेशी एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर त्या थ्रोम्बोसाइट असण्याची शक्यता फार मोठी. एका स्लाइडवर दोनशे पेशी मोजा. पहिल्यांदा मोजाल तेव्हा आकडा पाहून वाईट वाटेल.

यानं बिघडतं काय? कोंबडीच्या थ्रोम्बोसाइट नुसत्या गोठण्याच्या पेशी नाहीत. त्यांच्यावर जंतू ओळखणारे टोल-सदृश रिसेप्टर असतात, जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस लागलं की त्या इंटरल्युकिन-६ हे सायटोकाइन (पेशींमधलं संदेशवाहक प्रथिन) बनवतात, कणही गिळतात. तुम्ही "लिम्फोसाइट आणि मोनोसाइट" समजून मिश्रणाला एलपीएस दिलं आणि सायटोकाइन मोजलं, तर त्या उत्तरात थ्रोम्बोसाइटचा मोठा वाटा असू शकतो. बी पेशींच्या नावातला "बी" आला तोच मुळात पक्ष्यांच्या बर्सा ऑफ फॅब्रिशियस या अवयवावरून. रोगप्रतिकारशास्त्राला एवढं देणाऱ्या या प्राण्याच्या लिम्फोसाइट आपण दुसऱ्याच पेशींच्या गर्दीत मोजाव्यात, हे मला मनापासून खटकतं.

उपाय पैशांवर अवलंबून आहेत. फ्लो सायटोमीटर (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) असेल तर कोंबडीच्या थ्रोम्बोसाइट ओळखणारी के१ किंवा सीडी४१/६१ विरुद्धची अँटिबॉडी आणि जोडीला सीडी४५ (पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) विरुद्धची वापरा; थ्रोम्बोसाइटवर सीडी४५ कमी असतं, त्यामुळे दोन गट वेगळे पडतात. नुसती टक्केवारी हवी असेल तर पेशी वेगळ्या करण्याच्याही भानगडीत पडू नका, पातळ केलेलं आख्खं रक्तच रंगवून यंत्रावर चालवा. शुद्ध लिम्फोसाइटच हव्या असतील तर त्याच अँटिबॉडीनं आणि चुंबकी मण्यांनी थ्रोम्बोसाइट बाहेर काढता येतात. यातलं काहीच हाताशी नसेल तर प्लास्टिकच्या डिशमध्ये तासभर ठेवून न चिकटलेल्या पेशी उचलणं हा जुना मार्ग आहे. उत्तेजित झालेल्या थ्रोम्बोसाइट चिकटतात, पण मोनोसाइटही त्यांच्याबरोबर जातात, हे लक्षात घेऊन. आणि काहीही केलं तरी थ्रोम्बोसाइट किती टक्के उरल्या तो आकडा निकालाबरोबर लिहा.

निम्मी लढाई सुईच्या टोकाशी

थ्रोम्बोसाइट चिडल्या की गुठळ्या होतात आणि त्यात पांढऱ्या पेशी अडकतात. त्या चिडतात रक्त घेतानाच. पक्ष्यांचं रक्त गोठण्यात जखमी उतींतून येणाऱ्या घटकाचा वाटा फार मोठा असतो. सुई शिरेत एका फटक्यात गेली तर रक्त बराच वेळ नीट राहतं. शीर शोधत सुई आत हलवली तर ऊतीचा रस मिसळतो आणि सिरिंजमध्येच गुठळी होते. म्हणून एकच टोचणी, पंखाच्या शिरेत किंवा मानेच्या उजव्या शिरेत, जी डावीपेक्षा मोठी असते. चुकली तर नवी सुई, दुसरी बाजू. सिरिंज आधीच ईडीटीएनं ओली करून घ्या आणि रक्त नळीत सोडताना सुई काढून टाका, नाहीतर बारीक भोकातून दाबानं जाताना तांबड्या पेशी फुटतात आणि पुन्हा तोच चिकट डीएनए.

हेपरिन की ईडीटीए? कोंबडीसाठी ईडीटीए. हेपरिनमध्ये पांढऱ्या पेशी आणि थ्रोम्बोसाइट पुंजके धरतात, स्लाइडला निळी झाक येते आणि पुढे पीसीआर करायचा असेल तर तोही अडतो. पण ईडीटीए सगळ्या पक्ष्यांना मानवत नाही. कावळ्याच्या कुळातले पक्षी, धनेश, शहामृग यांच्या तांबड्या पेशी त्यात फुटतात. अशा जातीत प्लाझ्मा लाल दिसला तर दोष तुमच्या हाताचा नाही. हेपरिनकडे वळा आणि पेशी लवकर वेगळ्या करा.

किती रक्त घ्यायचं याला मर्यादा आहे आणि ती पाळायचीच. निरोगी पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्का, त्याहून जास्त नाही. शंभर ग्रॅमच्या पक्ष्याचं एक मिली, वीस ग्रॅमच्या चिमुकल्याचं ०.२ मिली. त्या ०.२ मिलीवर मोठ्या नळीतलं फिकॉल चालत नाही. तिथे दीड मिलीच्या नळीत अर्धा मिली फिकॉलवर पातळ केलेलं रक्त चढवा. किंवा स्लाइडपुरत्या, आरएनएपुरत्या पेशी हव्या असतील तर हिमॅटोक्रिटच्या काचनळीत फिरवून पांढऱ्या पट्ट्याच्या खाली नळी कापा. हातमोजे आणि चष्मा घालून, कारण काच उडते. परवानगीच्या कागदात लिहिलेली मात्रा आणि प्रत्यक्षात घेतलेली मात्रा एकच असू द्या. नळी वाया गेली म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच पक्ष्याला पुन्हा टोचणं मला मान्य नाही. आधी पद्धत बसवा, मग तो पक्षी हातात घ्या.

पकडण्याचा ताणही रक्तात उतरतो. हेटरोफिल (माणसाच्या न्यूट्रोफिलचं काम करणाऱ्या पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशी) आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर पक्ष्यांच्या ताणाचं मोजमाप म्हणून ग्रॉस आणि सीगल यांनी १९८३ मध्ये मांडलं, ते आजही वापरलं जातं. सकाळपासून पिंजऱ्यात अडकवून ठेवलेल्या पक्ष्याचं रक्त दुपारी घेतलं तर थराची घडण बदललेली असते, आणि आपण दोष फिकॉलला देतो.

हेटरोफिल हव्या असतील तर

१.०७७ वर त्या मिळणार नाहीत, तांबड्या पेशींबरोबर खाली जातात. मधल्या थरात हेटरोफिल सापडत नाहीत म्हणून घाबरून येणाऱ्यांना एवढंच सांगायचं असतं. हेटरोफिलसाठी रक्तात एक टक्का मिथाइलसेल्युलोज मिसळून २५ जीवर पंधरा मिनिटं फिरवतात. तांबड्या पेशी गोळा होऊन खाली बसतात आणि पांढऱ्या वर राहतात. तो वरचा भाग कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या हँक्स द्रावणात पातळ करून दोन थरांवर चढवायचा, खाली १.११९ आणि वर १.०७७, आणि २५० जीवर तासभर. हेटरोफिल १.११९ च्या थरापाशी सापडतात. रंगवल्यावर विटकरी लाल, काडीसारखे कण दिसतात. मायलोपेरॉक्सिडेजचा रंग लावून त्या ओळखायला जाऊ नका. कोंबडीच्या हेटरोफिलमध्ये ते एन्झाइम नसतं, उत्तर शून्यच येणार.

मोजणी आणि नंतर

माणसाच्या रक्तासाठीच्या स्वयंचलित काउंटरवर पक्ष्याचं रक्त लावू नका. बहुतेक यंत्रं केंद्रक दिसलं की पांढरी पेशी समजतात आणि आकडा लाखांत जातो. नॅट आणि हेरिक यांनी १९५२ मध्ये खास कोंबडीच्या रक्तासाठी मिथिल व्हायोलेटचं द्रावण सांगितलं. रक्त त्यात दोनशे पट पातळ करून हिमोसायटोमीटरमध्ये हातानं मोजणं हाच अजूनही माझा भरवशाचा मार्ग आहे. सोबत एक रंगवलेली स्लाइड हवीच.

वेगळ्या केलेल्या पेशी कल्चरमध्ये दोन दिवसांत मंदावत असतील तर इन्क्युबेटरच्या काट्याकडे पाहा. तो ३७ वर असतो, कारण शेजारच्या कपाटात माणसाच्या पेशी वाढतायत. कोंबडीचं शरीर ४१ ते ४२ अंशांवर चालतं. आम्ही लिम्फोसाइट ४१ वर ठेवतो, डिशमधलं पाणी उडू नये म्हणून आर्द्रतेची ताटली रोज भरतो.

शेवटी, अडकलात आणि कुणाला विचारणार असाल तर "थर नीट येत नाही" एवढंच सांगू नका; त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. पक्ष्याची जात, वय, नर की मादी आणि अंड्यावर आहे का, कशात रक्त घेतलं, घेऊन किती वेळ झाला, रोटरची त्रिज्या आणि प्रत्यक्षातले जी, फिकॉलचं तापमान, ब्रेक चालू की बंद. आणि तीन रंगवलेल्या स्लाइडचे फोटो: आख्ख्या रक्ताची, थरातून उचललेल्या पेशींची आणि शेवटच्या धुण्यानंतरची. मला स्वतःला कुणी विचारलं तर मी आधी दुसरी स्लाइड पाहतो.